तंबूतली ऊब आणि छोटा सिलिंडर

करमाळा तालुक्यातले एक गृहस्थ दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी माझ्याकडे येतात. उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करतात. संध्याकाळी जाळी टाकायची, काठावरच्या पालात रात्र काढायची आणि पहाटे जाळी ओढून चिलापी, कटला बाजारात न्यायचा, असा त्यांचा दिनक्रम. गेल्या डिसेंबरात चिठ्ठी घेऊन दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "डॉक्टरसाहेब, पालात लई गारठा लागतोय. पोरगं म्हणतंय छोटा सिलिंडर घेऊ, पेटवून ठिवू रातभर. कुठला घ्यावा?"

त्याच आठवड्यात माझ्या एका जुन्या पेशंटच्या मुलाचा अमेरिकेतल्या मिनेसोटातून फोन आला. तिकडे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर तंबू ठोकतात, बर्फाला भोक पाडतात आणि गळ टाकून बसतात. मित्रांनी त्याला बोलावलं होतं. त्याचाही प्रश्न तोच होता: तंबू गरम ठेवायला प्रोपेनची टाकी कोणती न्यावी? तिथे उणे वीस, आपल्याकडे साधारण दहा-बारा. पण बंद तंबूतल्या हवेचं गणित दोन्हीकडे सारखंच आहे.

ते गणित असं. एक किलो गॅस नीट जळायला साधारण 12 ते 13 घनमीटर हवा लागते. सहा बाय आठ फुटांच्या, पाच फूट उंच पालात जेमतेम 7 घनमीटर हवा असते. एका बर्नरची मोठी ज्योत तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस खाते. म्हणजे कडा मातीने दाबलेल्या, दार बांधलेल्या पालात तीन-चार तासांत ती ज्योत तुमच्या वाटणीची सगळी हवा मागू लागते. एवढी वेळ यायच्या आधीच ती अर्धवट जळायला लागते. निळी ज्योत पिवळी होते, पातेल्याचा तळ काळा पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो. गॅस जळाला की तोही जळून जातो. "वास येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे," ही समजूत इथेच घात करते. ज्योतीवर तवा किंवा वीट ठेवून ती लाल करायची पद्धत तर आणखी वाईट, कारण ज्योत दबते आणि हा वायू वाढतो. कोळशाच्या शेगडीबद्दल विचारूच नका, ती गॅसपेक्षाही जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडते.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून घट्ट धरून ठेवतं. ऑक्सिजनची जागाच अडते. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, झोप येते. झोपलेला माणूस जागा न होताच जाऊ शकतो.

माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, सकाळी सकाळी यात्रेत दुकान लावलेलं एक कुटुंब आलं. आई, वडील, मुलगी, तिघांनाही डोकेदुखी आणि उलट्या. "रात्रीची भजी बाधली," असं ते म्हणाले आणि मीही मान डोलावली. ताप नव्हता. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 98. मी पित्ताची गोळी लिहायला घेतली होती. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काकाला काही झालं नाही. त्यानं तर सगळ्यात जास्त खाल्ली." काका राखणीला बाहेर, मालाच्या गाड्याशेजारी झोपला होता. बाकीचे तिघे दुकानामागच्या पालात, शेगडी पेटती ठेवून. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजनवालंच समजतो आणि खोटा धीर देतो. तिघांना लगेच ऑक्सिजन लावून मोठ्या रुग्णालयात पाठवलं, ते बरे झाले. तेव्हापासून थंडीत घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखत असेल, तर काय खाल्लं हे विचारायच्या आधी मी विचारतो, "रात्री काय पेटवलं होतं?" गॅस गीझर लावलेल्या बंद न्हाणीघरात चक्कर आली तरी प्रश्न हाच.

आता सिलिंडरचं. गरम पाण्याला, चहाला, स्वयंपाकाला छोटा सिलिंडर जरूर घ्या. पण तो तेल कंपनीचा, अधिकृत विक्रेत्याकडचा 5 किलोचा घ्या. इंडियन ऑइलचा 'छोटू' त्यातलाच. बाजारात दोन-तीन किलोच्या, कुठलाही शिक्का नसलेल्या टाक्या मिळतात आणि घरगुती 14.2 किलोच्या सिलिंडरमधून त्या भरून देणारेही भेटतात. हे बेकायदा आहे, शिवाय त्या किती भरल्या याला काही माप नसतं. सिलिंडरमध्ये वर थोडी जागा रिकामी ठेवावी लागते, कारण तापलं की आतला द्रव फुगतो. जानेवारीत थंडीसाठी घेतलेली ती टाकी मे महिन्यात सोलापूरच्या पत्र्याखाली पडून असते, हे विसरू नका. इथला मे काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

सिलिंडरच्या कडीच्या पट्टीवर आतून A, B, C, D पैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. A म्हणजे जानेवारी ते मार्च, B म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे. ती सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत. मुदत उलटलेला सिलिंडर परत करा. वजन करून घ्या, रिकाम्या सिलिंडरचं वजन त्यावरच कोरलेलं असतं. रबरी नळीला चीर असेल तर पैसे वाचवू नका. सिलिंडर नेहमी उभा ठेवा. आडवा केला तर वायूऐवजी द्रवच बाहेर येतो आणि ज्योत भडकते. पहाटेच्या गारठ्यात गॅस कमी येतो म्हणून काही जण सिलिंडर जाळाजवळ सरकवतात किंवा गरम पाण्यात उभा करतात. कृपा करून असं करू नका. आपल्या गॅसमध्ये प्रोपेनबरोबर ब्युटेनही असतो. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचा थांबतो, प्रोपेन उणे 42 पर्यंत चालतो, म्हणून मिनेसोटावाल्यांना नुसता प्रोपेन लागतो. उजनीवर ती वेळ येत नाही. आणि हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर खाली साचतो. होडीत सिलिंडर ठेवणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. होडीचा तळ म्हणजे त्याला आयती वाटीच.

मिनेसोटाच्या मुलाला मी सांगितलं ते असं: मोठी टाकी तंबूबाहेर ठेव, हीटर तंबूत वापरण्यासाठीच बनवलेला आणि ऑक्सिजन कमी झाला की आपोआप विझणारा घे, कार्बन मोनॉक्साइडचा गजर सोबत ठेव, वर आणि खाली हवेला वाट ठेव, आणि झोपायच्या आधी हीटर बंद कर. आपल्या पालात यातलं बहुतेक काहीच नसतं. म्हणून करमाळ्याच्या गृहस्थांना माझं उत्तर थोडक्यात होतं: सिलिंडर घ्या, पण ऊब घ्यायला नको.

ऊब खालून जाते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. ओल्या जमिनीवर पातळ सतरंजी टाकून वर तीन पांघरुणं घेतली तरी कुडकुडायला होतं. आधी कडब्याचा हातभर थर, त्यावर ताडपत्री, त्यावर अंथरूण. पांघरायला घोंगडी. सोलापूरकर असूनही हे लिहितोय: आपली चादर सुती, धुक्यात दमट झाली की तिची ऊब जाते, लोकर मात्र ओलसर असली तरी साथ देते. कानटोपी घाला, ओले कपडे बदला, झोपताना गरम पाण्याची बाटली घट्ट बूच लावून, फडक्यात गुंडाळून पायाशी घ्या. 'अंग तापवायला' दारू नको. तिने कातडी गरम वाटते, पण आतली उष्णता बाहेर पडते, आणि डोकं दुखायला लागलं तरी जाग येत नाही.

पालात कुणी गळून पडलेलं दिसलं तर आधी कनात उघडा, श्वास रोखून माणसाला बाहेर ओढा, मग 108 ला फोन करा. डॉक्टरांना आत काय पेटत होतं ते सांगा. मोकळ्या हवेत या वायूचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला चार ते सहा तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणून परत फिरू नका. गरोदर बाईला तर काहीच त्रास होत नसला तरी न्या, पोटातल्या बाळाला हा वायू जास्त बाधतो. बरं होऊन गेल्यावर काही दिवसांनी, कधी महिन्याभरानेही विसरभोळेपणा किंवा चालण्यात फरक दिसला, तर पुन्हा दाखवा.

गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, बॅटरीचं बटणही दाबू नका. सिलिंडर बंद करून मोकळ्यावर न्या आणि 1906 वर कळवा, हा नंबर चोवीस तास चालू असतो.