माहूरगड

परभणी जिल्ह्यातील राणीसावरगाव हे रेणुकादेवीचे गाव होय. आश्विनात घरोघरी घट बसले की तेथील देवळात माणसांची रीघ लागते. तरीही एकदा तरी माहूरगड चढावा, मूळ ठाण्याचे दर्शन घ्यावे, ही आस भाविकांच्या मनात असतेच.

माहूर नांदेड जिल्ह्यात, पैनगंगेच्या परिसरात वसलेले आहे. भोवती सागाची राने आणि तीन शिखरे. एकावर रेणुका, दुसऱ्यावर दत्तात्रेय, तिसऱ्यावर अनसूया. दत्तप्रभू काशीला स्नान करतात, कोल्हापुरास भिक्षा मागतात आणि निद्रेसाठी माहुरास येतात, अशी श्रद्धा आहे. देवांनाही विसाव्यासाठी हाच डोंगर आवडला म्हणायचा!

येथेच रामगड नावाचा जुना किल्लाही आहे. गोंड राजे, बहमनी सुलतान, मोगल अशा अनेकांची सत्ता त्याने पाहिली. माहूरच्या देशमुख घराण्यातील सावित्रीबाई पतीच्या निधनानंतर स्वतः रणांगणात उतरली. तिचे शौर्य पाहून मोगलांनी तिला 'रायबागन', म्हणजे राजवाघीण, असा किताब दिला. १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल फौजेला कोंडले, तेव्हा ती त्या फौजेत होती. व्यर्थ रक्तपात टाळून शरण जावे, असा सल्ला तिने आपल्या सरदाराला दिला. एवढ्या पराक्रमी स्त्रीचे नाव देवीच्या पायऱ्या चढणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

आज तटावर पहारेकरी नाही. बुरुजांतून झाडे उगवली आहेत. राजांनी सोडलेला हा डोंगर यात्रेकरूंनी मात्र सोडला नाही. इटलीतील गुब्बिओ या डोंगरी नगरीतही असेच घडले. तेथील ड्यूक केव्हाच गेले. पण दर वर्षी १५ मे रोजी संतांच्या मूर्ती असलेले तीन उंच लाकडी स्तंभ खांद्यांवर घेऊन नगरवासी आजही डोंगरमाथ्यावरील मंदिराकडे धावत जातात.

माहुरास नवरात्रात आणि मार्गशीर्षातील दत्तजयंतीला पायऱ्या माणसांनी फुलून जातात. गाभाऱ्यात देवीचा केवळ शेंदरी मुखवटा. हातपाय घडवलेली मूर्ती नाही. नैवेद्य मिठाईचा नव्हे, तर कुटलेल्या विड्याच्या पानांचा. तो हिरवा, सुगंधी तांबूल म्हणजे येथील मुख्य प्रसाद. दिवस कलला की यात्रेकरू गड उतरू लागतात. राणीसावरगावची म्हातारी माणसेही एकेक पायरी सांभाळत खाली येतात. घरी राहिलेल्यांसाठी घेतलेली तांबुलाची पुडी त्यांच्या पदराच्या किंवा धोतराच्या गाठीत असते.