घामाचा हिशेब

बदलापूर

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन होता. सायकलच्या हेल्मेटवरून तुमची जुंपलीय म्हणे. घाम येतो, केस बसतात, मित्र हसतात, ही तुझी कारणं मी खोटी मानत नाही. मे महिन्यात अंबरनाथहून बारवी धरणाकडे निघालं की डोक्याचं भरीत होतं. शिवाय कायद्याची सक्ती मोटरसायकलला, सायकलला नाही. म्हणजे पोलीसही तुला अडवणार नाही. ठरवायचं तुलाच आहे.

आधी हेल्मेटकडून मिळतं काय ते बघ. आतला थर्माकोलसारखा थर आदळताना स्वतः चेपतो आणि डोक्याला बसणारा झटका कमी करतो. युरोपात त्याची चाचणी साधारण दीड मीटरवरून आपटून होते, म्हणजे ताशी वीसेक किलोमीटरचा आघात. वळणावरच्या खडीत चाक सरकून पडलास तर एवढं पुष्कळ. मागून डंपरने उडवलं तर हेल्मेटच्या भरवशावर राहू नकोस. तिथे मागचा लाल दिवा आणि अंधाराआधी घर गाठणं जास्त कामाचं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं.

उल्हासनगरात घेणार असशील तर तिथल्या ‘मेड इन यूएसए’चा, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’चा, विनोद तुला माहीत आहेच. नुसत्या शिक्क्यावर जाऊ नकोस, घालून बघ. कडा भुवयांच्या दोन बोटं वर हवी, पट्टा हनुवटीखाली नीट बसायला हवा. बरीच पोरं ते मागे कलंडवून, कपाळ उघडं टाकून फिरतात. घाम तेवढाच येतो, उपयोग मात्र शून्य.

आता कोंडेश्वरचा धबधबा. लाइफ जॅकेट घालून तिथल्या कुंडात उतरायचा तुझा आणि मित्रांचा बेत आहे असं कळलं. इथे मात्र माझा साफ नकार. धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात जॅकेटही पुरेसं उचलून धरत नाही. खालचे खडक दिसत नाहीत आणि डोंगरावर पाऊस झाला की पाणी बघता बघता चढतं. पावसाळ्यात तिथे मनाई आदेश निघतात ते उगाच नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. पाण्यात मुरलेले एनडीआरएफचे जवानही जॅकेट घालूनच उतरतात, तेही लोक अडकलेले असतात म्हणून. कुंडात तुमचं कोण अडकलंय?

चंदेरी किल्ल्यावर जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, डोंगरातलं हेल्मेट मी देतो. वरच्या घळीत पुढच्याच्या पायाखालून दगड सुटतात, आणि तो ‘दगड!’ म्हणून ओरडेपर्यंत दगड खाली आलेला असतो.

रविवारी इकडे ये. सायकलच्या हेल्मेटचा पट्टा बसवून देतो. पहाटेच बारवीला निघू, म्हणजे उन्हाचीही तक्रार नको.

तुझा,
मामा