कार्तिकातील एक दिवसाची वारी : कन्हान ते रामगिरी



कार्तिक लागला की आपल्या माळकऱ्याचे चित्त पंढरीकडे धावते. परंतु प्रपंच कोणाला सुटला आहे? कोणाचे धान कापणीला आलेले, कोणाच्या घरी म्हातारे माणूस अंथरुणावर, कोणाची नोकरी पाळीची. अशा मंडळींनी एकादशी घरी करावी, नाम घ्यावे, आणि पुढे पौर्णिमेपर्यंत सवड काढून एक दिवस रामटेकाकडे पावले वळवावी. कन्हानहून सकाळी निघाले तर नगरधन, रामटेक आणि मनसर ही तिन्ही स्थाने पाहून दिवेलागणीला घरी येता येते. त्या दिवसाचा हा अभ्यासपाठ आहे. दिंडीच्या प्रमुखाने किंवा घरातल्या जाणत्या माणसाने तो आधी वाचावा आणि त्या त्या ठिकाणी मंडळींना सांगावा.

आता कोणी विचारील, "महाराज, रामाचे दर्शन घ्यावे हे समजले. पण मोडक्या विटा आणि भंगलेल्या मूर्ती पाहून आम्हांला काय लाभ? आम्हांला नाम पुरे."

नाम पुरे आहे, यात शंका नाही. पण बाबांनो, विटेची ओढ वारकऱ्याला शिकवावी लागते काय? आपला देवच विटेवर उभा आहे. भक्ताने फेकलेली वीट त्याने पायाखाली घेतली आणि तिचे मोल झाले. तेव्हा जिथे कोणा भक्ताने देवासाठी वीट रचली, तिथे घटकाभर थांबायला हरकत नाही. शिवाय या वाटेवर वारकऱ्याला स्वतःच्या घरची एक फार जुनी वस्तू सापडते. ती कोणती, ते ओघाने येईल.

कन्हानचा काठ

आरंभ नदीपासून. कन्हान सातपुड्यात, छिंदवाड्याच्या मुलखात उगम पावते, पेंचेला पोटात घेते आणि पुढे वैनगंगेला मिळते. व्याकरणाने काय व्युत्पत्ती निघेल ती निघो, भाविकाच्या कानाला या नावात कान्हाच ऐकू येतो. काठावर हातपाय धुवावे, हरिपाठ म्हणावा आणि निघावे. साबण, निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या नदीत टाकू नयेत. हेच पाणी पुढे लोकांच्या घागरीत जाते. नदीला माय म्हणायचे आणि तिच्या पदराला हात पुसायचे, हे बरे नव्हे.

बहुतेक लोक आधी रामटेक गाठतात आणि तिथूनच परततात. माझे सांगणे असे की, रामटेकाच्या दक्षिणेला सात-आठ किलोमीटरांवर नगरधन आहे, तिथे प्रथम जावे. कथा क्रमाने ऐकली तरच तिचा रस येतो. नगरधन हा आपला पूर्वरंग.

नगरधन : राणीची मुद्रा

आज दिसणारा किल्ला गोंड-भोसल्यांच्या काळचा. आत जमिनीखाली पायऱ्या उतरून देवीचे ठाणे आहे, तिला नमस्कार करावा. पण या गावाखालची भूमी किल्ल्याहून कितीतरी जुनी. वाकाटक राजांची नंदिवर्धन नावाची राजधानी ती हीच, असे विद्वान मानतात.

वाकाटकांच्या या घराण्यातील दुसऱ्या रुद्रसेन राजाची राणी प्रभावतीगुप्ता. ती मगधाच्या गुप्त सम्राटाची, दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. राजा अकाली गेला, पदरी लहान मुले. मोठा दिवाकरसेन युवराज. त्याच्या नावाने राणीने स्वतः राज्यकारभार पाहिला. काळ म्हणाल तर इसवी सनाच्या चौथ्या शतकाची अखेर आणि पाचव्याचा आरंभ. म्हणजे ज्ञानोबारायांच्या आधी सुमारे नऊशे वर्षे!

२०१५ ते २०१८ या वर्षांत पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्याचा पुरातत्त्व विभाग यांनी नगरधनला उत्खनन केले. त्यात राणीच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. वर ब्राह्मी लिपीत नाव आणि सोबत शंखाचे चिन्ह. राजाच्या मुद्रेवर सिंह असावा, तलवार असावी. हिने शंख घेतला. शंख कोणाच्या हातातला, हे माळकऱ्याला सांगायला नको.

आता ती घरची वस्तू. या राणीचे दोन ताम्रपट प्रसिद्ध आहेत. एक पुण्यात मिळाला. तो नंदिवर्धनाहून दिलेला आहे. दंगुण नावाचे गाव तिने चनालस्वामी नावाच्या भगवद्भक्त आचार्याला दान दिले, तेही आधी भगवंताच्या पावलांशी अर्पण करून. दुसरा अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे मिळाला. तो तिच्या वृद्धपणीचा, धाकटा मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या राज्याच्या १९ व्या वर्षीचा. या दोन दानांमध्ये बराच काळ गेलेला आहे. पण दोन्हींची तिथी एकच: कार्तिक शुद्ध द्वादशी.

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबा. कार्तिक शुद्ध द्वादशी म्हणजे काय? प्रबोधिनी एकादशीचा उपवास झाला, देव जागा झाला, आता पारणे सोडायचे, तो दिवस. पारण्याच्या आधी सत्पात्री दान. आपली आजी द्वादशीला ब्राह्मणाला, अतिथीला वाढल्याशिवाय घास घेत नसे, तीच रीत. म्हणजे आज आपण जी कार्तिकी धरतो, ती सोळाशे वर्षांपूर्वी याच मातीवर एक विधवा राणी धरत होती. तरुणपणी धरली आणि म्हातारपणीही सोडली नाही. व्रत कशाला म्हणावे, तर याला. पुण्याच्या ताम्रपटात तिला 'अत्यन्तभगवद्भक्ता' असे विशेषण आहे. राजलेखांत विशेषणे स्वस्त असतात खरी. पण या विशेषणाला दोन द्वादशींची साक्ष आहे.

रामटेक : पादमूल

ऊन चढण्याच्या आत गडाकडे निघावे. पायथ्याशी अंबाळा तलाव, भोवती घाट आणि देवळे. ज्यांचे पाय चालतात त्यांनी पायऱ्यांनी चढावे, मोटाररस्ताही आहे. वर वानरांचा मुक्त संचार, म्हणून प्रसादाची पिशवी झाकून धरावी.

ऋद्धिपूरच्या ताम्रपटात दान कोठून दिले, तर रामगिरिस्वामींच्या 'पादमूला'पासून, असे म्हटले आहे. पादमूल म्हणजे पायांचे मूळ, पायांशी. आपण पत्राच्या आरंभी 'आपल्या चरणांशी' लिहितो, तसेच. रामगिरी म्हणजे हाच डोंगर, हे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी अनेक प्रमाणांनी मांडले. कालिदासाच्या मेघदूतातील यक्ष ज्या रामगिरीवर राहिला, त्या डोंगराच्या उतारावर रघुपतीची पावले उमटलेली आहेत असे कवी सांगतो. तोही डोंगर मिराशींच्या मते हाच. गडावर कालिदासाचे स्मारक आहे आणि १९९७ पासून त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ रामटेकला आहे.

पाहा, राणी पावलांशी दान करते, कवी पावलांचे वर्णन करतो, आणि आपण पालखीत काय नेतो? पादुकाच. मूर्ती घडवायला शिल्पी लागतो. पाऊल मात्र चालणाराच उमटवतो.

गडाच्या उतारावर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह अशी दोन लहान, भरभक्कम दगडी देवळे आहेत. महाराष्ट्रातील जुन्यात जुन्या दगडी मंदिरांत त्यांची गणना होते. कीर्तनात आपण नरसिंह रंगवतो तो स्तंभ फोडून आलेला, मांडीवर हिरण्यकशिपू घेतलेला. इथला नरसिंह तसा नाही. तो चक्र घेऊन स्वस्थ बसला आहे. मांडीवर दैत्य नाही, मुद्रेवर क्रोध नाही. प्रल्हादाने शांतवल्यानंतरचा जणू हा देव. पोरेबाळे बरोबर असतील त्यांना हा भेद दाखवून द्यावा.

केवल नरसिंहाच्या भिंतीत एक शिलालेख आहे. शतकानुशतके भाविकांनी चुन्यावर चुना चढवला आणि अक्षरे झाकून गेली. १९८० नंतरच्या काळात लेप निघाला तेव्हा लेख दिसला. तो बराच झिजला आहे. तरी त्यात 'प्रभावतीस्वामी' या देवाचे नाव आणि 'सुदर्शन' नावाच्या तलावाचा उल्लेख वाचता आला. अभ्यासकांचे म्हणणे असे की, प्रभावतीच्या कन्येने आईच्या स्मरणार्थ हे देऊळ उभारले. आईची एकादशी लेकीने दगडात जपली! आपल्याकडे आईची माळ लेक गळ्यात घालते, त्याच जातीची ही गोष्ट.

पुढे वराह आणि त्रिविक्रम. वराह एकाच दगडाचा, साक्षात पशुरूपाने उभा. त्रिविक्रमाची मूर्ती भंगलेली आहे; पण बळीच्या दारी पाऊल उचललेल्या देवाचा आवेश अजून जिवंत आहे. भंगलेल्या मूर्तीची पूजा शास्त्राने सांगितली नाही, म्हणून तिच्यावर तेल-शेंदूर घालू नये. पण पूजा नाही म्हणजे अनादर नव्हे. वृद्ध पित्याच्या हातून आता काम होत नाही, म्हणून आपण त्याला नमस्कार करायचे सोडतो काय?

भोगरामाच्या स्थानी महानुभाव मंडळी वंदनाला येतात. गुजरातेतील हरिपाळ रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घराबाहेर पडले, वाटेत ऋद्धिपुरी गोविंदप्रभूंची भेट झाली आणि त्यांचे चक्रधर स्वामी झाले, अशी त्या पंथाची परंपरा आहे. ऋद्धिपूर तेच, जिथे राणीचा ताम्रपट मिळाला. पंथ वेगळा असो, वाट एकच होती.

मग शिखरावर लक्ष्मणाचे आणि रामाचे दर्शन घ्यावे. आजचे वैभव अठराव्या शतकात नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी केलेल्या जीर्णोद्धाराचे. लक्ष्मणाच्या देवळात यादव राजा रामचंद्राच्या काळचा शिलालेख आहे. त्यात या डोंगरावरील देवांची आणि तीर्थांची गणना केली आहे. हा रामचंद्र राजा आपल्या ओळखीचा. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस त्याचे नाव येते; ग्रंथ शके १२१२, म्हणजे १२९० चा. पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या शिलालेखातही त्याचे नाव आहे. एकाच राजाचे नाव पंढरीच्या दगडावर, माउलींच्या ग्रंथात आणि रामटेकाच्या गडावर. ज्यांना यंदा पंढरी घडली नाही त्यांनी या दगडापुढे उभे राहावे. पंढरी फार लांब वाटणार नाही.

मनसर : देव नसलेले देऊळ

परतताना मनसर. महामार्गालगत, रामटेकपासून सहा-सात किलोमीटरांवर. येथील हिडिंबा टेकडीवर १९९० च्या दशकाच्या अखेरीस जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांच्या देखरेखीखाली मोठे उत्खनन झाले. टेकडी म्हणून जिच्यावर झुडपे उगवली होती, ते विटांचे प्रचंड देवालय निघाले. 'प्रवरेश्वराचे' अशा अर्थाची मुद्राही मिळाली. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने वसवलेले प्रवरपूर ते हेच, असे आज बरेच विद्वान मानतात. मिराशींनी मात्र ते वर्धा जिल्ह्यातील पवनार ठरवले होते. काही मंडळी या परिसराला नागार्जुनाचे स्थान म्हणून बौद्ध परंपरेशी जोडतात. अशा ठिकाणी वाद घालत बसू नये. हात जोडावे आणि पाहावे. येथेच १९७२ मध्ये मिळालेली शिवाची सुंदर मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आई विष्णुभक्त, मुलगा परममाहेश्वर. घरात भांडण झाले काय? नाही. आईचे दान मुलाच्या राज्यात, मुलाच्या राज्यवर्षाने नोंदले गेले. आणि या शिवभक्त मुलाने काव्य कशावर रचले? रामाच्या सेतूवर. 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य त्याच्या नावावर आहे, आणि ती महाराष्ट्री म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. आमचा विठोबा मस्तकी शिव धारण करतो. हरिहरांचे ऐक्य आपण कीर्तनात सांगतो, ते या मायलेकरांनी एका घरात नांदवले.

मनसरच्या देवळात आज देव नाही, पुजारी नाही, घंटा नाही. विटांचे चौथरे आणि पायऱ्या तेवढ्या आहेत. मंडळींना येथे दहा मिनिटे मुकाट्याने बसवावे. राजाने एवढे उभारले, ते मातीत गेले. राणीने काय केले? दर वर्षी एक उपवास आणि पावलांशी एक नमस्कार. तो मात्र गेला नाही. कार्तिकी पौर्णिमेला गडावर त्रिपुर पेटतो तेव्हा भोवतालच्या गावांतून माणसांची रीघ लागते. त्यांतल्या कितीकांना प्रभावतीचे नाव ठाऊक नाही. नाव विसरले, पण वहिवाट टिकली. राज्य विटांवर उभे असते, व्रत पायांवर चालत राहते. या दिवसाचा बोध एवढाच.

आपले कर्तव्य

बोध पदरात पडला तर त्याची किंमतही चुकती करावी. केवल नरसिंहाची अक्षरे आपल्याच चुन्याखाली झाकली गेली, हे ध्यानात धरून पुढील नेम पाळावे.

पहिला : जुन्या भिंतीला चुना, तेल, रंग, खडू लावू नये, आपले नाव तर मुळीच लिहू नये. राणीच्या लेकीने आईसाठी जिथे लेख कोरविला, तिथे आपण कोण?

दुसरा : एकही वीट, खापर किंवा मूर्तीचा तुकडा घरी आणू नये. देवघरात ठेवण्याच्या भावनेनेही आणू नये. जागेवरून हलली की वीट मुकी होते.

तिसरा : नारळ नेमल्या जागीच फोडावा, कापूर जुन्या दगडावर पेटवू नये.

चौथा : शेतात, विहिरीच्या खोदकामात ताम्रपट, नाणे वा मूर्ती मिळाली तर सोनाराकडे न नेता तलाठ्याला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे. ऋद्धिपूरचा पत्रा कोणी वितळवला असता, तर आपली सोळाशे वर्षांची द्वादशी आपल्याला कळलीच नसती.

पाचवा : घरी गेल्यावर मुलांना ही कथा सांगावी.

कन्हानला परत येईतो दिवेलागण होते. मंडळींनी पांगण्यापूर्वी काठावर एक आरती करावी आणि पुढल्या द्वादशीला, पारण्याच्या आधी, भुकेल्या माणसाला घासभर अन्न देण्याचा संकल्प सोडावा. राणीने गाव दिले. आपण भाकरी द्यावी. देव पावलांशी ठेवलेले माप मोजत नाही.

रामकृष्णहरी!