चित्रवाचन : नाम आणि संवाद

बालसाहित्याच्या समीक्षेत चित्राचा विचार बहुधा सजावट म्हणून होतो. मजकूर मुख्य व चित्र त्याचे साहाय्यक, हे गृहीत त्यामागे असते. ज्याला अद्याप अक्षरे वाचता येत नाहीत, त्या मुलाच्या बाबतीत मात्र चित्र हीच पहिली संहिता ठरते. म्हणून ही संहिता कशी वाचली जाते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही.

१६५८ साली न्यूरेम्बर्ग येथे प्रसिद्ध झालेला कोमेनियसचा ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हा ग्रंथ या परंपरेच्या आरंभी येतो. त्यात वस्तू, प्राणी, व्यवसाय यांची चित्रे असून चित्रांतील अंक लॅटिन व जर्मन मजकुराशी जोडलेले आहेत. नाम निश्चित करणे, हे येथे चित्राचे कार्य आहे. आजही वर्गात चित्रावर बोट ठेवून ‘हे काय?’ असे विचारले जाते, तेव्हा हीच पद्धती चालू असते. एका शब्दाचे उत्तर मिळते आणि बोलणे संपते.

माधुरी पुरंदरे यांच्या ‘चित्रवाचन’ या पुस्तकाची भूमिका वेगळी आहे. त्यातील नित्यजीवनाची दृश्ये मुलाने न्याहाळावीत आणि त्यांविषयी स्वतः बोलावे, अशी अपेक्षा आहे. निवेदकाची जागा येथे मुलासाठी मोकळी ठेवलेली आहे. ‘ही बाई कुठे निघाली असेल?’, ‘तुमच्याकडे हे काम कोण करते?’ अशा प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नसते. व्हाइटहर्स्ट व त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पालकांनी महिनाभर असे खुले प्रश्न विचारले आणि मुलांची उत्तरे विस्तारून दिली. त्या मुलांची अभिव्यक्ती इतर मुलांच्या तुलनेत अधिक विकसित झाल्याचे आढळले.

मराठीच्या संदर्भात या मोकळ्या जागेला आणखी एक अर्थ आहे. चित्रातील एकाच वस्तूला कोणी केरसुणी म्हणेल, कोणी झाडणी, तर कोकणातील एखादे मूल वाढवण म्हणेल. छापील शब्द नसल्यामुळे चित्र यांपैकी कोणालाही चूक ठरवत नाही. चूक ठरविण्याचे काम बहुधा शिक्षक करतो. घरचा शब्द पहिल्याच दिवशी दुरुस्त झाला, की मूल घराविषयी बोलणेच थांबविण्याचा संभव असतो. प्रमाण शब्द शिकवू नये, असा याचा अर्थ नव्हे. तो घरच्या शब्दाशेजारी यावा, त्याच्या जागी नव्हे.

दुसरा मुद्दा अंतराचा आहे. चित्रातील घर परक्याचे असते, म्हणूनच स्वतःच्या घराविषयी बोलणे सुकर होते. ‘या मुलीचे बाबा रात्री उशिरा येतात’ असे सांगणारे मूल कदाचित स्वतःविषयीच सांगत असते. अशा वेळी ‘तुझे बाबाही उशिरा येतात का?’ असा थेट प्रश्न विचारल्यास चित्राने दिलेला आडोसा नाहीसा होतो. प्रौढाने चित्रातील मुलीविषयीच बोलत राहावे, हे अधिक उचित.

चित्रपुस्तकाचे मूल्यमापन म्हणूनच केवळ रेषा, रंग वा विषय यांवरून पूर्ण होत नाही. त्या पानाने मुलाला बोलण्यास किती वाव दिला आणि शेजारी बसलेल्या प्रौढाने तो किती राखला, हेही त्या मूल्यमापनात धरावे लागते.