उड्डाणाचे शिक्षण व प्रशिक्षकाची जबाबदारी

दिनांक ६ फेब्रुवारी २०२५ रोजी ग्वाल्हेर परिसरात, शिवपुरीजवळ, भारतीय हवाई दलाचे मिराज-२००० जातीचे दोन आसनी विमान कोसळले. नेहमीच्या सरावाचे उड्डाण चालू असता यंत्रणेत बिघाड झाला होता. दोन्ही वैमानिक आसनासह विमानाबाहेर फेकले जाऊन हवाई छत्रीने सुखरूप खाली उतरले. विमान गेले, पण माणसे वाचली.

हेलिकॉप्टर चालविण्यास शिकणाऱ्याला असा अखेरचा उपाय उपलब्ध नसतो. डोक्यावर पाती फिरत असल्याने बिघाड झाला तरी यंत्रासहच खाली यावे लागते. म्हणून शेजारच्या आसनावरील प्रशिक्षकाची दक्षता हेच शिष्याचे खरे संरक्षण होय. आपल्या राज्यात नाशिक रोड येथे भूसेनेच्या हेलिकॉप्टर वैमानिकांना शिक्षण देणारी संस्था २००३ पासून आहे. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

इंजिन बंद पडल्यास

इंजिन थांबले म्हणजे हेलिकॉप्टर दगडासारखे पडते, हा समज चुकीचा आहे. वैमानिकाने डाव्या हातातील दांडा तत्काळ खाली नेला तर खालून वर येणाऱ्या हवेच्या जोराने पाती फिरत राहतात. जमीन जवळ येताच वेग कमी करून, तोच दांडा वर घेऊन अलगद उतरता येते. तथापि, हलक्या पात्यांच्या लहान हेलिकॉप्टरमध्ये हा निर्णय सेकंद-दीड सेकंदात घ्यावा लागतो. पात्यांची गती एकदा फार मंदावली की ती पुन्हा मिळत नाही.

या प्रसंगाचा सराव देताना प्रशिक्षक मुद्दाम इंजिनाची शक्ती कमी करतो. शिष्याला चूक उमगावी म्हणून थोडे थांबणे आवश्यक असते. परंतु क्षणभर अधिक थांबल्यास चूक दुरुस्त करण्याइतकी उंचीच उरत नाही. रॉबिन्सन आर-२२ या दोन आसनी हेलिकॉप्टरच्या अपघातांनंतर अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने १९९५ साली खास नियम केले. त्यांनुसार या यंत्रावर शिकविणाऱ्यास हेलिकॉप्टर उड्डाणाचा किमान २०० तासांचा व त्यांपैकी ५० तासांचा त्याच यंत्रावरील अनुभव आवश्यक ठरला. स्वतःला चालविता येणे आणि दुसऱ्याला शिकविता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून मान्य झाले.

देखरेख म्हणजे काय?

प्रशिक्षक शेजारी बसला म्हणजे देखरेख झाली, असे नव्हे. दिनांक २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाजवळील बिरसी येथून निघालेले शिकाऊ विमान वैनगंगेच्या पात्रावरील तारदोराला धडकून कोसळले. त्यात प्रशिक्षक व शिकाऊ वैमानिक या दोघांनीही प्राण गमावले. खरी देखरेख उड्डाणापूर्वीच सुरू होते. ती पुढीलप्रमाणे असावी :

१. कोणता सराव, किती उंचीवर व कोणत्या मर्यादेपर्यंत करावयाचा, हे जमिनीवरच ठरवावे.

२. यंत्राचा ताबा कोणाकडे आहे, हे दोघांनीही स्पष्ट उच्चारावे.

३. मार्गातील तारा, मनोरे व टेकड्या यांची नोंद ठेवावी.

४. मुख्य प्रशिक्षकाने इतर प्रशिक्षकांचीही वेळोवेळी परीक्षा घ्यावी. हवामान बिघडल्यास अथवा प्रशिक्षक थकलेला असल्यास उड्डाण रद्द करावे.

ग्रामस्थांचे कर्तव्य

दुर्दैवाने गावाच्या शिवारात अपघात झाल्यास पोलीस व तहसील कार्यालयास ताबडतोब कळवावे. फिरत्या पात्यांजवळ वा सांडलेल्या इंधनाजवळ जाऊ नये. विडी-काडी पेटवू नये. आग नसल्यास व पाती थांबली असल्यास जखमींना बाहेर काढावे. त्याखेरीज अवशेषांना हात लावू नये. लहानसा तुकडाही चौकशीत मोलाचा ठरतो. शिक्षकांनी ही माहिती विद्यार्थ्यांना अवश्य द्यावी; कारण अशा वेळी मुलेच प्रथम धावत जातात.

शिष्याच्या हातून चूक होणारच. शिक्षण त्यासाठीच असते. त्या चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागू नये, ही जबाबदारी प्रशिक्षकाची व त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची आहे.