गल्लीचा इतिहास

मुलांनो, तुमच्या गल्लीचे नाव काय? खेड्यात पुष्कळदा गल्लीच्या नावातच तिचा इतिहास असतो. कुंभार गल्लीत मडकी घडत, तांबोळी गल्लीत पानविक्रेते राहत. आज तेथे चाक फिरत नसेल, पण नाव टिकून आहे.

घरेही खूप काही सांगतात. मराठवाड्यातील जुन्या घरांच्या भिंती जाड असत. दगड मातीत बसवलेले असत. लाकडी छतावर मातीचा जाड थर देत. त्याला माळवद म्हणतात. उन्हाळ्यात असे घर थंड राही. भिंतीतील कोनाड्यात दिवा ठेवत. या कोनाड्याला तुम्ही घरी 'ताक' म्हणता. मराठीत मात्र ताक पितात, हे विसरू नका!

याच भिंतींनी एकदा घात केला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट होती. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आसपासच्या गावांत भूकंप झाला. दगड निखळले, माळवदे कोसळली आणि हजारो माणसे ढिगाऱ्याखाली मरण पावली.

पुढे अनेक गावे नव्या जागी वसली. रस्ते रुंद व सरळ झाले. कुटुंबाच्या जमिनीप्रमाणे २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची पक्की घरे मिळाली. पण जुने शेजारी नव्या गावात शेजारी राहतीलच असे नव्हते. घर पुन्हा बांधता येते. गल्ली मात्र तशीच उचलून नेता येत नाही.

मग जुनी गल्ली कोठे उरते? ती माणसांच्या आठवणीत उरते. कोणाच्या दारात कडुनिंब होता, कोणाच्या ओसरीवर गावकरी बसत, ईदचा शिरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ कोणत्या दारातून कोणत्या दारात जाई, हे कोणत्याही नकाशात सापडत नाही. भूकंपाच्या वेळी दहा वर्षांची असलेली मुले आज चाळिशीच्या पुढे गेली आहेत. त्या वेळचे वडीलधारे तर थोडेच उरले आहेत.

तुमची गल्ली आज उभी आहे. म्हणून आजच दादाजान-नानीजानजवळ बसा, विचारा आणि लिहून ठेवा.

शब्दार्थ
कोनाडा – भिंतीतील लहान पोकळ जागा
ओसरी – घरापुढील छप्पर असलेली मोकळी जागा
घात करणे – मोठे नुकसान करणे

स्वाध्याय
१. माळवद म्हणजे काय?
२. भूकंपात जुनी घरे का कोसळली?
३. 'गल्ली उचलून नेता येत नाही', असे लेखक का म्हणतात?

उपक्रम : तुमच्या गल्लीतील पाच घरांत पूर्वी कोण राहत होते, ते वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहा.