मुलांचा इसब

नागपुराकडील हवा मुलांच्या कातडीस फार कठीण आहे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. हिवाळ्यांत कोरडा गार वारा सुटतो, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजीं तर तो ३.५ अंशांवर उतरला होता. अशा दिवसांत कांहीं लेकरांच्या गालांवर लाल, खरबरीत चट्टे उठतात, व तीं रात्रभर खाजवीत रडत असतात. मुलें थोडीं मोठीं झालीं म्हणजे हेच चट्टे कोपराच्या आंतल्या घडींत व गुडघ्याच्या लवणींत येतात. यास इसब म्हणतात. याविषयीं आईबापांनीं व उपदेशकांनीं नीट समजून घेणें अगत्याचें आहे, कारण दुखण्याइतकेच त्याविषयींच्या गैरसमजांनीं मुलांचे हाल होतात.

इसब सांसर्गिक नाहीं, हें प्रथम ध्यानांत धरावें. कुडाच्या भिंतीचें लिंपण फुटलें म्हणजे वारा, पाऊस व मुंग्या सहज आंत शिरतात. तशीच कांहीं मुलांच्या कातडीची स्थिति जन्मतःच असते. तिच्यांतील ओलावा उडून जातो, आणि धूळ, घाम व साबण तिला झोंबतात. कातडी घट्ट राखणारें फिलाग्रिन नांवाचें एक द्रव्य अशा पुष्कळ मुलांत कमी असतें, असें स्कॉटलंडांतील डंडी येथील शास्त्रज्ञांनीं २००६ सालीं दाखविलें. ज्या घराण्यांत दमा आहे तेथें इसब अधिक आढळतो. हा कोणाचा शाप नव्हे, कीं दृष्ट नव्हे, कीं आईचा हलगर्जीपणा नव्हे. यास्तव अशा मुलास शाळेंत किंवा शब्बाथशाळेंत वेगळ्या चटईवर बसविणें हा शुद्ध अन्याय आहे.

तथापि प्रत्येक खाज इसबाची नसते. बोटांच्या बेचक्यांत व मनगटांवर पुरळ असेल, आणि घरांतील आणखी माणसेंही रात्रीं खाजवीत असतील, तर ती बहुधा खरूज होय. तिचें औषध घरांतील सर्वांनीं एकाच दिवशीं लावावें लागतें. कडेला उंच व मध्यें साफ असें कडें दिसल्यास गजकर्णाचा संशय घ्यावा. फिकट चट्टा खाजत नाहीं व तेथें स्पर्शही कळत नाहीं, असें असेल तर कुष्ठाची तपासणी विनाविलंब करून घ्यावी. तें औषधानें पूर्ण बरें होतें व औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें.

हा भेद न पाहतां दुकानांतून मागून आणिलेली मलमाची नळी, हीच आमच्या मतें गांवांतील मोठी आपत्ति आहे. अशा पुष्कळ नळ्यांत तीव्र स्टेरॉइड इतर दोन तीन औषधांत मिसळलेलें असतें. चार दिवस खाज थांबते आणि शेजारीण तीच नळी शेजारणीस देते. पण गजकर्णावर तें लाविल्यास रोग दबून आंतल्या आंत पसरतो. लेकराच्या गालांवर महिनोन्‌महिने लाविल्यास कातडी पातळ होते. म्हणूनच केंद्र सरकारनें २०१८ सालीं अशीं अनेक मलमें चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. उलट, कित्येक आया स्टेरॉइडचें नांव ऐकतांच डॉक्टरांनीं दिलेलें सौम्य मलमही फेंकून देतात. हेंही बरोबर नाहीं. सांगितलेल्या जागीं, सांगितलेले दिवस लाविलें तर तें उत्तम औषध आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकें मलम दोन तळहातांएवढ्या जागेस पुरतें.

पण खरा उपचार घरींच व रोजचा आहे. कोमट पाण्यानें पांच ते दहा मिनिटें स्नान घालावें. कडक साबण, डाळीच्या पिठाचें उटणें व घांसणें वर्ज्य करावें. अंग टिपून, तें ओलसर असतांनाच पांढरें व्हॅसलीन किंवा शुद्ध खोबरेल चोपडावें, आणि दिवसांतून पुन्हां एकदां तरी लावावें. मोहरीचें तेल झोंबतें, तें नको. कपडे सुती व सैल असावेत, नखें कापलेलीं असावींत. उन्हाळ्यांत घामानें खाज वाढते, म्हणून मुलास सावलींत व वाऱ्यावर ठेवावें. चट्टे बरे दिसले तरी तेल सोडूं नये.

अंडें, दूध, वांगें हे सर्व बंद करण्याची चाल आम्हांस मुळींच पसंत नाहीं. क्वचित् एखाद्या मुलास एखादा पदार्थ बाधतो खरा, परंतु तें डॉक्टरांनीं ठरवावें. आधींच अशक्त लेकरास उपाशी ठेवून इसब जात नाहीं. पुष्कळ मुलांचा तो वयाबरोबर आपोआप ओसरतो.

चट्ट्यांतून पाणी वाहूं लागलें, पिवळ्या खपल्या धरल्या किंवा ताप आला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रांत जावें. ताप असून एकसारखे बारीक फोड झपाट्यानें उठले, तर रात्रीची वेळ असली तरी थांबूं नये. थेट मोठें रुग्णालय गांठावें. नागपुरांत १९४७ सालीं स्थापन झालेलें सरकारी मेडिकल कॉलेज व मेयो रुग्णालय या दोन्ही ठिकाणीं त्वचारोग्यांस तपासतात. जातांना आजवर लाविलेली प्रत्येक नळी, रिकामी असली तरी, बरोबर न्यावी.